अमेरिकेतले पक्ष, युद्धाचे अधिकार आणि सॉकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत शनिवारी मुलांच्या मॅचला मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले मराठी पालक असोत, नाहीतर पुण्या-नाशिकहून येणारे फोन असोत, हे तीन विषय हमखास निघतात. नव्याने आलेल्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथे माहिती आहे तिथे माहिती आणि जिथे माझं मत आहे तिथे मत. ते लपवलेलं नाही.

पक्ष, युद्ध आणि सॉकर यांचा एकमेकांशी संबंध काय?

१८ जून २०२५ ची व्हाइट हाउसमधली ती चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. इटलीचा युव्हेंटस क्लब फिफाच्या क्लब वर्ल्ड कपसाठी वॉशिंग्टनला आला होता. संध्याकाळी ऑडी फील्डवर अल ऐनशी सामना होता. त्याआधी काही खेळाडूंना अध्यक्षांच्या भेटीला नेलं. ट्रम्प टेबलाशी बसलेले, मागे खेळाडू रांगेत उभे, त्यात वेस्टन मॅकेनी आणि टिमथी विया हे दोघे अमेरिकन. समोरून पत्रकार विचारत होते ते इराणवर हल्ला करणार का, याबद्दल. मधेच अध्यक्षांनी मागे वळून खेळाडूंना विचारलं की तुमच्या संघात एखादी बाई खेळू शकेल का. खेळाडू अवघडून गप्प उभे. आम्हाला जायला सांगितलं म्हणून गेलो, असं वियाने नंतर सांगितलं.

युव्हेंटसने त्या रात्री ५-० ने सामना जिंकला. तीन दिवसांनी, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे २१ जूनच्या रात्री, फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या इराणी अणुकेंद्रांवर अमेरिकेने बॉम्ब टाकले. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, त्याआधी मतदान झालेलं नव्हतं. संबंध काय, हे त्या एका खोलीत दिसतं.

अमेरिकेत दोनच पक्ष का?

जास्त मतं त्याची जागा, ही पद्धत भारतातही आहे आणि तिथे पक्षांना तोटा नाही. तेव्हा कारण एवढंच नाही. अध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांना वाटून दिलेली मतं, लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणारा त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत मिळालं शून्य. त्यानंतर तिसऱ्या पक्षात पैसा आणि आयुष्य कोण घालणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे तिकीट नाकारलं की बंडखोर अपक्ष उभा राहतो किंवा नवा पक्ष काढतो. इथे तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरतो आणि आहे तोच पक्ष ताब्यात घ्यायला बघतो. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स आणि डॉनल्ड ट्रम्प या दोघांनी हेच केलं. एकाला जमलं नाही, दुसऱ्याला जमलं. त्यामुळे नावं तीच राहतात आणि आतला पक्ष बदलत जातो.

पक्षाचं सदस्य कसं व्हायचं? तिकीट कोण देतं?

वर्गणी नाही, पावती नाही, तालुकाध्यक्ष नाही. बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा एक रकाना असतो, तो भरला की झालं. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत तोही नसतो. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो.

तिकीट मतदार देतात, निदान कागदावर. न्यू जर्सीत मात्र अनेक वर्षं काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, पक्षाचे पुढारी आपल्या पसंतीच्या उमेदवारांना मतपत्रिकेवर एका ओळीत मानाची जागा देत असत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात ढकललेले. सिनेटचे (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचे) उमेदवार अँडी किम यांनी २०२४ मध्ये याविरुद्ध फेडरल कोर्टात दाद मागितली आणि त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी कोर्टाने थांबवली. मतपत्रिकेवरची जागा ही किरकोळ बाब वाटते, पण पुढाऱ्यांची अर्धी ताकद तिच्यात होती.

खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं तर त्याची जागा जाते का?

नाही. भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. इथेही व्हिप नावाचं पद आहे, पण तो फक्त समजावतो आणि मतं मोजतो. इराणवरच्या हल्ल्यानंतर २७ जून २०२५ ला सिनेटमध्ये सिनेटर टिम केन यांचा ठराव आला की काँग्रेसच्या परवानगीशिवाय इराणशी युद्ध नको. तो ४७ विरुद्ध ५३ असा पडला. रिपब्लिकनांपैकी एकटे रँड पॉल ठरावाच्या बाजूने होते, डेमोक्रॅट्सपैकी एकटे जॉन फेटरमन विरोधात. दोघांच्याही जागा शाबूत राहिल्या.

म्हणूनच इथल्या खासदाराला माझा पक्ष असं म्हणाला, मी काय करणार, असं सांगून सुटता येत नाही. पक्षाच्या मागे जायचं हे तो स्वतः ठरवतो, आणि त्याला त्याचा जाब विचारता येतो.

युद्ध करायचं हे घटनेप्रमाणे कोण ठरवतं?

काँग्रेस. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात युद्ध पुकारण्याचा, सैन्य उभारण्याचा आणि त्यासाठी पैसा देण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. दुसऱ्या अनुच्छेदात अध्यक्ष हा सेनापती आहे. अचानक हल्ला झाला तर तो परतवायला अध्यक्षाला मोकळीक असावी, एवढ्यासाठी घटनाकारांनी ऑगस्ट १७८७ मध्ये मसुद्यात बदल केला. बाकी सुरुवात करण्याचा निर्णय त्यांनी मुद्दाम एका माणसाच्या हाती दिला नाही. युरोपातल्या राजांनी एकट्याच्या मर्जीने लढाया काढून प्रजेला कसं खड्ड्यात घातलं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आजवर पाच युद्धं रीतसर पुकारली गेली: १८१२ चं ब्रिटनशी, १८४६ चं मेक्सिकोशी, १८९८ चं स्पेनशी आणि दोन महायुद्धं. शेवटची घोषणा जून १९४२ मधली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. म्हणजे कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यांपैकी एकही युद्ध घटनेतल्या त्या अर्थाने पुकारलेलं नाही. कोरियात १९५० मध्ये ट्रुमन यांनी काँग्रेसची परवानगीच घेतली नाही, ही संयुक्त राष्ट्रांची कारवाई आहे म्हणाले. तिथून पायंडा पडला.

१९७३ चा युद्धाधिकार कायदा काय सांगतो?

आधी तो का आला ते बघू. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन नौकांवर हल्ले झाल्याचं सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी ठराव मागितला. प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात फक्त वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. ज्या दुसऱ्या हल्ल्याचा गाजावाजा झाला तो बहुधा झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. त्या एका ठरावावर व्हिएतनामचं युद्ध वाढत गेलं आणि ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक त्यात गेले. व्हिएतनामी माणसं किती गेली त्याची मोजणी लाखांत आहे. नंतर निक्सन यांच्या काळात कंबोडियावर गुपचूप बॉम्बफेक झाल्याचं बाहेर आलं.

मग काँग्रेसने कायदा केला. निक्सन यांनी तो नाकारला. ७ नोव्हेंबर १९७३ ला दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशाहून जास्त मतांनी (प्रतिनिधीगृहात २८४ विरुद्ध १३५, सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८) त्यांचा नकार मोडून काढला. त्यात दोन्ही पक्षांचे लोक होते, निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षाचेही.

कायदा असा: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला लेखी अहवाल द्यायचा. ६० दिवसांत परवानगी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचं, सुरक्षित माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. आणि काँग्रेसने मधेच साध्या बहुमताने थांबा म्हटलं तर तिथेच थांबायचं.

मग तो कायदा चालतो का?

अर्धवट चालतो.

अहवाल येतात. पण ज्या कलमाखाली अहवाल दिला की ६० दिवसांचं घड्याळ चालू होतं, त्या कलमाचा उल्लेख अध्यक्ष शिताफीने टाळतात. १९७५ मध्ये मायागेझ जहाजाच्या प्रकरणात जेरल्ड फोर्ड यांनी तो केला, तो अपवाद.

खरा घाव १९८३ मध्ये बसला. इमिग्रेशनच्या एका खटल्यात, चढ्ढा प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अध्यक्षाच्या सहीसाठी न पाठवलेल्या ठरावाने काँग्रेस त्याच्यावर बंधन घालू शकत नाही. जगदीश चढ्ढा हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे विद्यार्थी. त्यांचा प्रश्न या देशात राहू देणार की नाही एवढाच होता. पण त्या निकालाने साध्या बहुमताने युद्ध थांबवण्याची वाट बंद झाल्यासारखी झाली. आता ठराव अध्यक्षाच्या टेबलावर जातो, तो नाकारतो, आणि मग दोन-तृतीयांश मतं जमवा. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातली अमेरिकेची मदत थांबवण्याबाबत नेमकं हेच झालं. दोन्ही सभागृहांनी ठराव केला, ट्रम्प यांनी नाकारला, सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ मतं पडली. बहुमत असून हरले. २०२० मध्ये इराणी सेनानी सुलेमानी यांना मारल्यानंतर इराणबाबतच्या ठरावाचंही तेच.

म्हणजे १७८७ च्या योजनेत युद्ध सुरू करायला बहुमत लागायचं. आज थांबवायला दोन-तृतीयांश लागतं. पूर्ण उलटं झालंय हे, आणि मला ते फार गंभीर वाटतं. त्यात ठराव बहुतेक वेळा बॉम्ब पडल्यावरच येतो, बैल गेला आणि झोपा केला अशी गत.

२००१ चा ठराव अजून कसा वापरतात?

कारण त्यात मुदतही नाही आणि भूगोलही नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांत तो संमत झाला, ते हल्ले करणाऱ्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर बळ वापरायला. पुढे त्याच ठरावाच्या आधारावर अफगाणिस्तानबाहेर कितीतरी देशांत, तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या संघटनांवर कारवाया झाल्या. ठरावाला मतं पडली ती अशी: सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १. तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. कोरा धनादेश देऊ नका, एवढंच त्या सांगत होत्या. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. मतदारांनी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं.

कोर्टात का जात नाहीत?

जातात, पण कोर्ट हात लावत नाही. कोसोव्होच्या वेळी (१९९९, युगोस्लाव्हियावर ७८ दिवसांची बॉम्बफेक) टॉम कॅम्पबेल आणि इतर खासदार क्लिंटन यांच्याविरुद्ध कोर्टात गेले. दाद मागण्याचा अधिकारच नाही म्हणून प्रकरण निकालात काढलं गेलं. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं असतं की तुमच्याकडे मत आहे, तिजोरी आहे, ती वापरा.

मग लोक याबद्दल ओरडत का नाहीत?

ओरडतात. पण आळीपाळीने, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

२०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू होती. अध्यक्ष डेमोक्रॅट. ६० दिवस उलटून गेले. ओबामा यांच्या सरकारने सांगितलं की आपले सैनिक जमिनीवर नाहीत, समोरून गोळीबार जवळजवळ नाही, म्हणून ही कायद्यातली लढाईच नव्हे. हेच ओबामा २००७ मध्ये उमेदवार असताना म्हणाले होते की प्रत्यक्ष किंवा तातडीचा धोका नसेल तर अध्यक्षाला एकट्याने हल्ल्याचा आदेश देण्याचा अधिकार नाही. २०११ मध्ये रिपब्लिकन लोक राज्यघटना उघडून दाखवत होते आणि बरेच डेमोक्रॅट गप्प होते. २४ जून २०११ ला प्रतिनिधीगृहाने लिबियातल्या कारवाईला परवानगी नाकारली, २९५ विरुद्ध १२३. त्याच दिवशी पैसा तोडायलाही नकार दिला, २३८ विरुद्ध १८०. परवानगी नाही, पण खर्च चालू ठेवा!

२०१७ मध्ये ट्रम्प यांनी सीरियाच्या हवाई तळावर ५९ क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा घटना डेमोक्रॅट्सना आठवली. जानेवारी २०२४ मध्ये बायडेन यांनी येमेनमध्ये हुथी बंडखोरांवर हल्ले केले, तेव्हा पुन्हा बाजू फिरल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मैदानाच्या कडेलाही मी हेच ऐकते. रेड बुल्स या इथल्या सॉकर क्लबचा चाहता रेफरीची शिट्टी आपल्या बाजूने असेल तर योग्य म्हणतो आणि विरुद्ध असेल तर चोरी म्हणतो. ते चालतं, सोमवारी सकाळी कोणाचं काही बिघडलेलं नसतं. युद्धाचं मत त्याच पद्धतीने बनवलं तर माणसं मरतात, आणि ती आपल्या पक्षाची की दुसऱ्या पक्षाची हे बॉम्ब बघत नाही. म्हणून कोणीही या विषयावर मत सांगितलं की मी एकच विचारते: हाच आदेश तुमच्या नावडत्या अध्यक्षाने दिला असता तर? उत्तर बदलत असेल तर ते मत पक्षाबद्दलचं आहे, युद्धाबद्दलचं नाही.

मोर्स, ग्रूनिंग, बार्बरा ली, रँड पॉल. यांच्या बाकीच्या राजकारणाशी मी सहमत नसेन, काहींच्या तर मुळीच नाही. पण आपलीच माणसं समोर असताना हे लोक बसून राहिले नाहीत.

भारतात हे कसं असतं?

तिथे निर्णय मंत्रिमंडळाचा. युद्धाआधी संसदेत मतदान घ्यावं अशी अट घटनेत नाही. पण मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, बहुमत गेलं की सरकार गेलं. १९६२ मध्ये चीनने हल्ला केल्यावर तरुण खासदार वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली आणि नेहरूंनी ते नोव्हेंबरमध्ये बोलावलंही. त्याच महिन्यात संरक्षणमंत्रिपदासाठी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला पाचारण झालं, ते आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाला मात्र चार वर्षं सहजी हलवता येत नाही, त्यामुळे इथे आधी विचारण्याची अट जास्त मोलाची.

युद्ध पेटलं तर आमच्या मुलाला सैन्यात बोलावतील का?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू करायची तर काँग्रेसला कायदा करावा लागेल, अध्यक्ष एकटा करू शकत नाही. नोंदणी मात्र १९८० पासून पुन्हा चालू आहे. १८ ते २५ वयाचे मुलगे, नागरिक असोत की ग्रीन कार्डवाले, यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नोंद असायला हवी. विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी किंवा एच-फोरवर वैधरीत्या असलेल्यांना ती लागू नाही. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाची नोंद राहून गेली तर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी विचारणा होते. तेव्हा अठराव्या वाढदिवसानंतर ते काम लगेच तपासा.

आम्ही नागरिक नाही. आमच्या मताला काय किंमत?

मतदान करू नका, मतदार नोंदणीही करू नका, ही पहिली गोष्ट. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी मतदार नोंदणीचा प्रश्न विचारला जातो. तिथे घाईत बरोबरची खूण करून लोक भलत्या अडचणीत येतात. नागरिक असल्याचा खोटा दावा ही इथे फार महागात पडणारी गोष्ट आहे.

निवडणुकीच्या देणग्या ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वन-बीवाले नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मात्र काम करता येतं.

आणि फोन करता येतो. प्रतिनिधीगृहातल्या जागांची वाटणी नागरिक मोजून होत नाही, जनगणनेत राहणारी सगळी माणसं मोजून होते. म्हणजे तुमच्या भागाचा खासदार तुमचाही आहे. फोन बहुतेक वेळा एखादी कॉलेजातली मुलगी किंवा मुलगा उचलतो. नाव आणि पिन कोड, ज्याला इथे झिप म्हणतात, तो विचारतो. तुम्ही ठरावाचा क्रमांक सांगायचा आणि बाजूने की विरोधात ते एका वाक्यात सांगायचं. तो टिपून घेतो. दीड मिनिटात काम होतं. भाषण करू नका, त्याचा उपयोग नसतो. ठराव मतदानाला येण्याच्या दोन-तीन दिवस आधी केलेला फोन नंतरच्या दहा फोनांपेक्षा उपयोगी.

काँग्रेसमध्ये कोणी मराठी आहे का?

आहेत. श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरले, २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरातून प्रतिनिधीगृहात निवडून आले. त्यांच्याबद्दल अभिमान वाटतो हे ठीक. पण मराठी आहेत म्हणून त्यांचं प्रत्येक मत बरोबर, असं धरू नका. वरचा नावडत्या अध्यक्षाचा प्रश्न त्यांनाही लागू.

एमएलएस (मेजर लीग सॉकर) ही नक्की कसली लीग आहे? खालच्या संघांची घसरण का होत नाही?

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेला देताना फिफाने अट घातली होती की पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीग सुरू करा. त्यातून १९९६ मध्ये दहा संघांनी एमएलएस सुरू झाली. सॅन दिएगो आल्यावर २०२५ मध्ये तीस झाले. त्याआधीची लीग, जिच्यात पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळले, ती १९८४ मध्ये उधळपट्टीने बुडाली होती. याच कॉसमॉसला घेऊन पेले १९७७ मध्ये कोलकात्यात मोहन बागानशी खेळले होते. जुनी लीग बुडाल्याच्या अनुभवामुळे नव्या लीगने खर्चाला कडक लगाम घातला. खेळाडूंचे करार क्लबशी न होता लीगशी होतात, पगारावर मर्यादा असते, आणि मालक हे एका अर्थी लीगचे भागीदार असतात. आपल्याच भागीदाराला खालच्या लीगमध्ये ढकलणार कोण? म्हणून घसरण नाही.

मला हे आवडत नाही. मोसमाच्या शेवटी तळातल्या संघांची जिवाची जी तगमग इंग्लंडमध्ये बघायला मिळते, ती इथे नसते. पण लीग जगली, हेही खरं.

मेस्सी आल्याने फरक पडला का?

पडला. जुलै २०२३ मध्ये तो इंटर मायामीत आला. मोठ्या नावांना मर्यादेबाहेर पगार देण्याची सोय २००७ मध्ये बेकहॅमसाठी केली होती, तीच इथे कामी आली. डिसेंबर २०२५ मध्ये मायामीने व्हँकुव्हरला ३-१ ने हरवून एमएलएस कप जिंकला. आठवडाभराने तो वानखेडेवर होता, सचिनने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली. तेव्हा मुंबईहून मला आलेल्या फोनांवर कोणी युद्ध-बिद्ध काढलं नाही, आणि ते ठीकच होतं.

खेळात राजकारण आणू नये, हे बरोबर नाही का?

कोणाचं राजकारण, ते आधी विचारा. २०१९ मध्ये एमएलएसने स्टेडियममध्ये राजकीय चिन्हांवर बंदी आणली आणि त्यात आयर्न फ्रंटचे तीन बाण सापडले. हे १९३० च्या दशकातल्या जर्मनीतलं नाझीविरोधी चिन्ह. पोर्टलंडच्या आणि सिएटलच्या प्रेक्षकांमधून विस्तव जात नाही. पण २३ ऑगस्टला पोर्टलंडमध्ये दोघे समोरासमोर आले तेव्हा दोन्ही बाजूंचे प्रेक्षक पहिली ३३ मिनिटं गप्प राहिले, नाझींनी आयर्न फ्रंटवर बंदी घातली त्या १९३३ सालासाठी. जिथे ढोल एक क्षण थांबत नाहीत तिथे खेळाडूंच्या हाका आणि चेंडूला लागलेली लाथ ऐकू येत होती. तेहतिसावं मिनिट संपलं आणि आवाज फुटला. सप्टेंबरमध्ये लीगने ती बंदी मागे घेतली.

आता दुसरी बाजू. ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये २०२६ च्या विश्वचषकाच्या गटांची सोडत होती. तिथे फिफाच्या अध्यक्षांनी नव्यानेच काढलेला शांतता पुरस्कार ट्रम्प यांना दिला. त्याच वर्षी इराणवर बॉम्ब टाकले गेले होते. पायऱ्यांवर उभ्या पोराच्या फडक्यावर तीन बाण दिसले तर ते राजकारण, आणि मंचावर असं झालं तर तो समारंभ. हे मला पटत नाही. अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असता तरी पटलं नसतं.

इराण आणि अमेरिका मैदानात कधी भेटले का?

दोनदा, विश्वचषकात. २१ जून १९९८, लिआँ: इराणच्या खेळाडूंनी पांढरी फुलं आणली, दोन्ही संघांनी एकमेकांत मिसळून एकत्र फोटो काढला आणि मग इराणने २-१ ने सामना जिंकला. २०२२ मध्ये दोह्यात क्रिस्टियन पुलिसिक या खेळाडूच्या गोलवर अमेरिका १-० ने जिंकली. गोल करताना तो गोलकीपरला आदळून जायबंदी झाला होता. इराणी खेळाडू तेव्हा दुहेरी कात्रीत होते, घरी सरकार आणि रस्त्यावर आंदोलन. त्या मॅचनंतर रडणाऱ्या इराणी खेळाडूला मिठीत घेणारा अमेरिकन खेळाडू, हा फोटो माझ्या मुलाच्या भिंतीवर आहे.

सॉकर बघायला सुरुवात कुठून करू?

न्यू जर्सीत असाल तर हॅरिसन. पाथ ट्रेनने उतरून चालत स्टेडियम, जुनं नाव रेड बुल अरीना. रेड बुल्स हा लीगच्या पहिल्या दहांतला क्लब, अजून एमएलएस कप मिळालेला नाही, आणि तरी लोक येतात. साउथ वॉर्ड या कट्टर चाहत्यांच्या भागात उभं राहूनच बघतात, तिथे लहान मुलांना नेऊ नका किंवा कानाला लावायला काहीतरी न्या. त्याच मैदानावर गॉथम एफसीच्या बायका खेळतात, महिलांच्या लीगच्या २०२३ आणि २०२५ च्या विजेत्या, तिकीटही बरंच स्वस्त. मुलीला न्यायचं असेल तर आधी तिथेच न्या. नदीपलीकडचा न्यूयॉर्क सिटी एफसी हा ज्या समूहाचा, त्यानेच २०१९ मध्ये मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला होता. पण त्याचं स्वतःचं मैदान अजून क्वीन्समध्ये बांधून व्हायचंय, तोवर बेसबॉलच्या मैदानावर कोपऱ्यातून बघावं लागतं. आणि २०२७ पासून लीगचं वेळापत्रक युरोपसारखं होणार आहे, उन्हाळ्यात सुरू होऊन पुढच्या मे महिन्यात संपणारं, तेव्हा सीझन तिकीट काढण्याआधी तारखा बघून घ्या.